उन्हाळ्यात संध्याकाळचं जेवण, गॅसपाशी उभं न राहता?

शेवंती

मंडळी, आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. संध्याकाळी साडेसहाला मी घरी पोचते तेव्हा ओट्याचा दगड हाताला चटका देतो. खिडकी उघडली तर खाडीचा दमट वारा, पंखा लावला तर गॅस विझतो. पोळ्या लाटताना घाम पिठात पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधते. लेक म्हणते, "आई, दरोड्याला निघालीस का?"

तर प्रश्न असा. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत संध्याकाळी गॅस दहा मिनिटांच्या वर पेटवायचा नाही असं मी ठरवलंय. तुम्ही अशा दिवसांत रात्री काय जेवता? सॅलड सुचवू नका, आमच्याकडे ते तोंडी लावण्यात मोडतं. सासरे पंचाहत्तरीचे आहेत. ताटात भात किंवा भाकरी दिसली नाही की "आज जेवण नाही का?" असं अगदी शांतपणे विचारतात, आणि तो शांतपणाच जास्त लागतो. प्यायचंही सांगा, पण सरबतांवरच धागा संपवू नका. सरबताने पोट भरत नाही.

एसी बेडरूममध्ये आहे आणि स्वयंपाकघरात नाही, असं का, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

अर्धाकप_चहा

दडपे पोहे. विषय संपला.

शेवंती

अहो, कसे करता तेही लिहा ना. आमच्यात कोकणातलं कुणी नाही.

रातांबा

अर्धाकप लिहिणार नाहीत, मी लिहितो. पोहे पातळ घ्यायचे, जाड नाहीत. चार जणांना चार मोठ्या वाट्या, चाळून. एक वाटी ओलं खोबरं, एक कांदा अगदी बारीक चिरून, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. हे सगळं आधी हाताने चुरडायचं म्हणजे कांद्याला पाणी सुटतं. मग त्यात पोहे कालवायचे आणि नारळपाण्याचा हबका मारायचा. वर ताटली, ताटलीवर खलबत्ता, वीस मिनिटं. पोहे पाण्याखाली धरायचे नाहीत, ते दडपूनच मऊ होतात. शेवटी मोहरी, हिंग, हळद, शेंगदाण्यांची फोडणी. गॅस तीन मिनिटं. वर पोह्याचा पापड चुरायचा, तो सकाळीच भाजून डब्यात ठेवलेला असावा.

आमच्याकडे हा नाश्त्याचा प्रकार, पण मे महिन्यात मुंबईची पोरं घरभर झाली की आजी रात्रीही हेच करायची. वीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापणार?

तिखटमीठ

कैरी किसून घातलीत तर लिंबू लागत नाही.

रातांबा

कैरी घातली की ते वेगळं प्रकरण होतं. चांगलं होतं, पण वेगळं.

वऱ्हाडी_ठेचा

खाडीचा वारा येतो अन् वरून तक्रार! आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की लोक म्हणतात, आज जरा बरं हाये बाप्पा. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

पण एक सांगतो, आमच्या माठातलं पाणी प्यायलं की फ्रिजची आठवण होत नाही. वाळ्याची जुडी धुवून माठात सोडायची, कूलरलाही वाळ्याच्या ताट्या लावायच्या. जेवणात ज्वारीची भाकर, बुक्कीनं फोडलेला कांदा, कैरीचा तक्कू अन् ताक. भाकरी सकाळी सहालाच थापून मोकळं व्हायचं. संध्याकाळी ती ताकात कुस्करा, वरून लसणाची चटणी घ्या. गॅसचं कामच काय?

शेवंती

माठ आम्हीही आणला, चांगला मोठा. वाळाही घातला. वास छान येतो, पाणी मात्र नळाइतकंच कोमट. दुकानदार म्हणतो थोडे दिवस वापरा, मग गार होईल.

पाटीपेन्सिल

थांबून फार काही हाती लागणार नाही. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एवढीच त्याची करामत. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी जास्त उडतं. नागपुरात ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर माठातलं पाणी हिशेबाने साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते २८ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि घरात ठेवलेल्या माठात तेवढंही साधत नाही. ऊन नागपूरचं जास्त, पण गार पाणीही नागपूरचंच.

तुमच्या हातात इतकंच आहे की माठ कोपऱ्यात कोंडायचा नाही, तिवईवर वाऱ्यात ठेवायचा. बाहेरून ऑइलपेंटची नक्षी काढलेला माठ तर घेऊच नका, छिद्रंच बुजलेली असतात.

वऱ्हाडी_ठेचा

पाहा! सरकारनं नाही भरला, पण विज्ञानानं तरी विदर्भाचा अनुशेष भरून काढला.

बेळगावचे_नाना

धागा माठाकडे गेला, मी भाताकडे आणतो. शेवंतीताई, तुमच्या सासऱ्यांना ताटात भात दिसला पाहिजे ना? मग दहीबुत्ती करा.

भात सकाळीच पाणी जास्त घालून मऊ लावायचा आणि गरम असतानाच पळीने घोटायचा. गार झाल्यावर घोटायला गेलात तर शितं सुटी राहतात. कोमट झाला की दूध भरपूर घालायचं आणि दही फक्त दोन चमचे. त्या दुधाचंच दही लागतं, म्हणून संध्याकाळी भात गोडसर राहतो. सकाळीच सगळं दही ओतलं तर रात्री तोंडं वाकडी होतात. फोडणीला मोहरी, उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता, आल्याचे बारीक तुकडे. सोबत सांडगी मिरची. ती एकदाच तळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरली की आठवडाभर बघायला नको.

दुसरी आंबील. नाचणीचं पीठ माणशी दोन चमचे, रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. गार झाली की ताक, मीठ, भरडलेलं जिरं, ठेचलेली लसूण, वरून बारीक कांदा. आमच्याकडे शेतावर जाणारा गडी तांब्याभर आंबील पिऊन निघायचा, त्याला दुपारपर्यंत भूक लागायची नाही. पेय म्हणा, नाहीतर जेवण म्हणा.

मोगरी

नाना, बेळगावची रात्र निराळी, आमची निराळी. दादरला पीठ रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी शेजारीण विचारते, काय मेलंय का घरात. मे महिन्यात आमच्याकडे पाच-सहा तास खूप होतात. भाताचंही तसंच. दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाकायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही.

बेळगावचे_नाना

बरोबर आहे. वास आंबूस आला पाहिजे, कुबट नव्हे.

तिरपी_खुर्ची

मी मघापासून वाचतोय. भात सकाळी, भाकरी सकाळी सहाला, आंबील सकाळी, पापडही सकाळीच भाजलेला. म्हणजे गॅस तेवढाच पेटतो, फक्त बाई पाचला उठते. आणि पन्हं, पन्हं म्हणून नाचणाऱ्यांनो, कैरी काय फुंकर मारून शिजते? उन्हाळ्याचे निम्मेअधिक 'थंड' पदार्थ आधी कुणीतरी गरम भांड्यापाशी उभं राहून केलेले असतात. पिणारा म्हणतो, वा, काय गार वाटलं!

अर्धाकप_चहा

कडू बोललात, पण खरं बोललात.

वऱ्हाडी_ठेचा

बावा, सकाळी सहाची चूल अन् संध्याकाळी सातची चूल यात फरक हाये की नाही?

शेवंती

फरक आहेच. सकाळी ओटा गार असतो. पण सकाळी दोन डबे, पोळीभाजी आणि शाळेची बस असते. त्यात भाकरी आणि आंबील घुसवायची तर पहाट कुठून आणू? कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणते कधीमधी, पण तिथल्या मावशींना बघून वाईट वाटतं. चार शेगड्या, पत्र्याचं छप्पर. आपला घाम आपण त्यांच्याकडे पाठवतो, दुसरं काय.

तिखटमीठ

पन्ह्याचा आरोप मला मान्य नाही. सकाळी कुकर लावताच ना? खाली डाळ, मधे भात आणि सगळ्यात वरच्या भांड्यात अख्ख्या कैऱ्या, पाणी न घालता. वेगळा गॅस शून्य. गर गरम असतानाच गूळ मिसळा म्हणजे विरघळवत बसावं लागत नाही. एक वाटी गराला दीड वाटी गूळ धरा, कैरी फार आंबट असेल तर दोन. मीठ, वेलची. हा घट्ट गर बरणीत भरून फ्रिजमध्ये. पेलाभर पाण्याला दोन मोठे चमचे. साखरेचं पन्हं दिसायला देखणं होतं, पण चव गुळाची.

सदोबा

तिरपी_खुर्ची, "बाई पाचला उठते" हे प्रत्येक घरी खरं नाही. आमच्याकडे संध्याकाळचं मी बघतो, कारण मी आधी घरी येतो. आणि मी उन्हाळ्यात स्वयंपाक करतच नाही, जुळवाजुळव करतो. सोमवारी भेळ, त्यात उकडलेला बटाटा सकाळच्या कुकरातला. एखाद्या दिवशी दही-पोहे, वर मेतकूट. कधी ताज्या पोळ्यांऐवजी सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा, त्यात दूध-गूळ. बायको म्हणते हे लाड आहेत, स्वयंपाक नव्हे. पण खाते.

भेळेच्या चिंचेच्या चटणीत खजूर घालून एकदाच भरपूर करून ठेवा, बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या पाडा. लागतील तशा काढायच्या.

मोगरी

सगळे पोहे-भातात अडकलात, आंब्याची डाळ विसरलात. चैत्रगौर बसते चैत्र शुद्ध तृतीयेला आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. त्या महिन्यात डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड. माझ्या आईच्या मते ही सगळी देवीची नावं सांगून बायकांनी काढलेली सुट्टी आहे, कारण यातलं जवळपास काहीच शिजवावं लागत नाही.

हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत घालून कामाला जायचं. संध्याकाळी पूर्ण निथळून, पाणी न घालता जाडसर वाटायची. गंध केलंत तर गेलं काम. किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, साखर, ओलं खोबरं, वर हिंगाची खमंग फोडणी. आम्ही ती पोळीत गुंडाळून खातो. सासऱ्यांसाठी दहीभातावर एक डाव घाला, मग बघा शांतपणा कुठे जातो ते.

ऑफिस ते घर दहा तास होत असतील तर डाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फसफसते.

स्टेथो

कच्ची डाळ काहींना पचत नाही, रात्री तर नाहीच. वयस्कर माणसाला डावभरच द्या, वाटीभर नको.

जाता जाता आणखी थोडं. मधुमेह असलेल्यांनी अमृत कोकम, पन्हं, उसाचा रस यांना 'नैसर्गिक' म्हणून सूट देऊ नये, साखर ती साखरच. त्यांनी पातळ ताक प्यावं, मीठ बेताने. आणि उन्हातून येऊन उलट्या-जुलाब झाले तर सरबतांचे प्रयोग नकोत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. मिठाचं माप हाताने वाढवायचं नाही. माणूस बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं तर काही पाजत बसू नका, अंगावर पाणी मारत थेट दवाखाना गाठा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टर, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं ना? आमचे आजोबा बाराही महिने ठेवायचे.

स्टेथो

खिशातल्या कांद्याने फक्त खिशाला वास लागतो. डोक्याला दुपट्टा बांधा आणि कांदा भाकरीबरोबर खा.

रातांबा

कोकमाचा विषय निघालाच आहे तर. अमृत कोकम म्हणजे ताज्या रातांब्याच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, सुटलेला रस गाळायचा. गॅस अजिबात नाही, सूर्य फुकट. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, त्यात साखर नसते. स्टेथोंनी सांगितलेल्या लोकांनी आगळाकडे वळावं, पण मीठ भरपूर असतं, चमचाभरच घ्यावं. सालं रसात बुडवून परत परत वाळवली की आमसुलं, आणि बियांचं तेल थंडीत टाचांना. आमच्याकडे रातांब्याचं काही फुकट जात नाही, फक्त शर्ट जातात. तो डाग धोबीही परत पाठवतो.

गोंयकार_बाब

सोलकढीचा उल्लेख अजून कसा नाही? नारळाचं पहिलं दूध, आगळ, मीठ, मिरची, लसूण. भातावर घ्या आणि नंतर पेल्यातून प्या. गॅस नाही.

रातांबा

लसूण घातली की कोकमाचा वास मरतो. आमच्या घरी नाही घालत.

गोंयकार_बाब

मासे खाल्ल्यावर लसणीशिवाय सोलकढी? ती मग देवळात द्या.

मोगरी

सुरू झालं!

तिखटमीठ

नारळाचं दूध काढायचं म्हणजे खवा, वाटा, पिळा. मिक्सरसमोरही उकडतंच. पॅकेटातलं वापरलं तर पातळ करा, नाहीतर कढी जिभेवर चिकटते. ज्यांना तेवढाही खटाटोप नको त्यांनी फुटी कढी करावी, नारळ न घालता. कोकमाचं पाणी, हिंग, मिरची, कोथिंबीर, वाटलं तर फोडणी.

गोंयकार_बाब

आणि मोठ्यांसाठी एक. काजूचे बोंडू पिकायला लागले की आमच्याकडे उर्राक येतो. बोंडूच्या रसाची पहिली धार म्हणजे उर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. फेणी बाराही महिने मिळते, उर्राक फक्त उन्हाळ्यात, पाऊस आला की संपला. लिंबाचा सोडा, मीठ, उभी चिरलेली मिरची, भरपूर बर्फ. हलका लागतो म्हणून पेला भरत जाऊ नये, उठताना कळतं.

शेवंती

बाब, हे सासऱ्यांना वाचून दाखवू नका. मुख्य म्हणजे मला वाचून दाखवू नका, आज सोमवार आहे.

कोरडा_दुष्काळ

ॲरिझोनातून लिहितोय. उन्हाळ्यात इथे ४५ अंश सहज जातं, हवा नागपूरहून कोरडी. पाटीपेन्सिल सरांचं गणित इथे रोज अनुभवतो. मेक्सिकन दुकानातून मातीचं भांडं आणलं, पाणी अगदी घशाला हवं तेवढं गार. घरात एसी असल्यामुळे आत ठेवलं की तितकं होत नाही, बाहेर सावलीत ठेवावं लागतं. शेजारी विचारतात काय पुरून ठेवलंय.

इथे मिळणारी कैरी नुसतीच हिरवी असते, आंबट नसते. पन्ह्याला थोडा लिंबाचा रस घालतो. ताडगोळ्यांसाठी मात्र काही पर्याय नाही. डहाणूच्या बाजूचे ताडगोळे, साल काढून, आत पाणी असलेले. त्या आठवणीने हा परिच्छेद इथेच थांबवतो.

वसईवाला

आज सकाळीच डझनभर आणले. साल काढायचाही धीर नव्हता. सहज सांगितलं.

कोरडा_दुष्काळ

निषेध.

अर्धाकप_चहा

बर्फाचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे पाहुणे आले की फ्रिजचा ट्रे दोन पेल्यांत संपतो, मग मुलगा कोपऱ्यावरच्या रसवंतीतून लादीचा तुकडा आणतो.

सदोबा

तो बर्फ बघून आणा. मासे-भाज्या टिकवण्यासाठी केलेला बर्फ खाण्याच्या पाण्याचा नसतो. त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, ओळखता यावा म्हणून. पण लादी पांढरी आहे म्हणून ती कुठल्या पाण्याची, कुठल्या गोणपाटात गुंडाळलेली, हे कळत नाही. आम्ही रसवंतीत 'बिनबर्फाचा' सांगतो. रस जास्त येतो, तो फायदा वेगळाच.

घरी मात्र पन्ह्याचा, कोकमाचा पातळ रसच ट्रेमध्ये गोठवा. सरबतात टाकला की विरघळून पाणचट होत नाही.

पाटीपेन्सिल

लादी आणायचीच तर पॉटच्या आइस्क्रीमसाठी आणा. तिथे बर्फ बाहेर असतो, खायचा नसतो. लाकडी बादली, मधे डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या बऱ्याच खाली उतरून वितळतो, म्हणून दूध गोठतं. नुसत्या बर्फाने जन्मात गोठणार नाही. वर्गात हे शिकवतो तेव्हा मुलं जांभया देतात, गच्चीवर पॉट फिरवताना हेच विचारतात, सर मीठ का?

आणि गॅसची चिंता नको. दूध आटवायचं नसेल तर हापूसचा रस, साय, साखर एवढ्यावरही होतं. हात मात्र दुखतात. पोरांची रांग लावा, आधी फिरवेल त्याला आधी वाटी.

मोगरी

आणि शेवटी मीठ आत गेलंच की खारट आइस्क्रीम. आमच्या वाड्यात दर उन्हाळ्यात एकदा तरी. डब्याचं झाकण उघडण्याआधी बाहेरून पुसून घेणं हे काम कुणाचंच नसायचं.

देशावरची

सातूचं पीठ कुणालाच आठवलं नाही? गहू ओलसर करून, कांडून, भाजून, त्यात डाळं घालून दळून आणायचे. जिरं-सुंठ आवडीने. एकदा दळून आणलं की उन्हाळाभर गॅसकडे बघायचं नाही. वाटीत पीठ, गुळाचं पाणी किंवा दूध, चमच्याने कालवलं की झालं. तिखट हवं तर ताकात कालवा, वर मिरचीचा ठेचा. भाजायची कटकट नको असेल तर तयार मिळतं, पण वास घेऊन घ्या, खवट पटकन होतं.

माझ्या सासऱ्यांचं शेवंतीताईंच्या सासऱ्यांसारखंच होतं. सातू ताटात वाढला, शेजारी लोणचं, मीठ, लिंबाची फोड असं सगळं नीट मांडलं, तर जेवण. तोच वाडग्यात दिला तर "हे काय, नाश्ता?"

तिरपी_खुर्ची

हा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. पदार्थ बदलू नका, ताट बदला.

शेवंती

देशावरची ताई, तुमचे पाय कुठे आहेत? परवा दहीबुत्ती केली, नानांच्या पद्धतीने, भात सकाळच्या कुकरातलाच. ताटात केळीचं पान ठेवलं, वर डावभर आंब्याची डाळ, सांडगी मिरची, पन्ह्याची वाटी. सासरे जेवले, हात धुतले आणि विचारलं, "आज कुठला सण?" म्हणजे जेवण म्हणून पास झालं. काल दडपे पोहे केले, ते मात्र पास झाले नाहीत. "चहाबरोबर चांगले आहेत" असा शेरा. लेकीने तीनदा घेतले.

आता जमतंय ते असं. कुकर सकाळी एकच, पण तीन मजली. भाकऱ्या एक दिवसाआड, त्याही नवरा थापतो. नकाशे होतात, पण ताकात कुस्करल्यावर कुणाला कळतं? पन्ह्याचा गर रविवारी. सातूचं पीठ आईकडून मागवलंय. आंबीलीचं धाडस अजून झालेलं नाही. माठ तिवईवर, खिडकीत, ओलं फडकं गुंडाळून. नागपूरइतका नाही, पण आधीपेक्षा बरा.

वऱ्हाडी_ठेचा

नवरा भाकरी थापतो? हे वरच्या प्रतिसादांत कुठंच नव्हतं. धाग्याचं नाव बदला.

शेवंती

तिरपी_खुर्चींचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. बस्स.

अर्धाकप_चहा

मीही पाठवते.

वसईवाला

एक शंका. रोज कलिंगड येतं आणि लाल खाऊन झालं की ढीगभर पांढरा भाग उरतो. टाकायला जीव होत नाही. काही करता येतं का?

तिखटमीठ

हिरवी पाठ सोलून पांढरा भाग किसायचा, तांदळाचं पीठ, बेसन, मिरची, जिरं घालून धिरडी. मऊ आणि जाळीदार होतात.

शेवंती

धिरडी म्हणजे तव्यापाशी अर्धा तास! धाग्याचा विषय काय आहे?

देशावरची

मग शिजवू नका. पांढरा भाग काकडीसारखा बारीक चोचवायचा, किसायचा नाही, फार पाणी सुटतं. दाण्याचं कूट, मीठ, साखर, लिंबू, हिरवी मिरची. वर तुपात जिऱ्याची फोडणी, आणि तीही नको असेल तर जिरं सकाळीच भाजून भरडून ठेवा. दही घालायचं असेल तर अगदी जेवायला बसताना, आधी नाही.